जुन्या वस्त्यांचे जतन करणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस

जुनी वस्ती पाडून सरळ, रुंद रस्ते काढणे म्हणजेच शहरसुधारणा, असा समज भारतातील नगरपालिकांमध्ये रूढ असताना त्याला ठाम विरोध करणारे स्कॉटिश विचारवंत म्हणजे पॅट्रिक गेडिस. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक होत.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. जीवशास्त्राचे अध्यापन करीत असतानाच १८८६ मध्ये विवाह झाल्यावर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिनबर्गच्या जुन्या शहरातील गलिच्छ वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांच्या साहाय्याने तेथील जीर्ण इमारतींची दुरुस्ती सुरू केली. १८९२ मध्ये त्यांनी तेथील एका मनोऱ्यात नागरिकांना आपल्या शहराची ओळख करून देणारे केंद्र उभारले.

१९१४ मध्ये ते भारतात आले. मात्र त्यांचे नगररचनाविषयक प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. खचून न जाता नव्याने जमविलेले नकाशे व चित्रे त्यांनी १९१५ मध्ये मद्रास येथे मांडली.

त्यानंतर तंजावर, मदुराई, बडोदे, लाहोर आदी शहरांची त्यांनी पायी फिरून पाहणी केली. मोडकळीस आलेली मोजकी घरेच काढावीत, त्या जागी लहान चौक करून झाडे लावावीत आणि उर्वरित घरे दुरुस्त करावीत, असे त्यांनी सुचविले. यामुळे खर्च वाचणार होता आणि गरीब कुटुंबे बेघर होणार नव्हती. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्याऐवजी त्यांत मासे सोडावेत, असेही त्यांचे मत होते.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी दुःखद ठरले. थोरला पुत्र युद्धात मारला गेला आणि पत्नीचे भारतातच निधन झाले. त्याच वर्षी होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगविरोधी लोकशिक्षणासाठी त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली. जे रहिवासी आपला परिसर सर्वाधिक स्वच्छ करतील, त्यांच्याच रस्त्यांवरून ती जाईल, असे घोषित होताच सारे शहर साफसफाईस लागले.

१९१९ ते १९२४ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन केले. त्यांचे विद्यार्थी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे त्या विभागाची धुरा सांभाळली.

१७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले. त्यांनी जपलेल्या जुन्या एडिनबर्ग शहराचा युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.