राजर्षी शाहू महाराज

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले व शाहू छत्रपती झाले. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असतानाच, हुकूम निघाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांस द्याव्यात व प्रत्येक खात्याने नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस पाठवावा, असे ठरले.

लायकी पाहावी, जात पाहू नये, असा आक्षेप आला. तो अगदीच पोकळ नव्हता. दप्तर अडाण्याच्या हाती गेले तर हाल रयतेचेच. परंतु ज्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर शिरू दिले नाही, तिथे लायकी यावी कोठून? म्हणून महाराजांनी जागांबरोबर शिक्षणाचीही सोय केली. १९०१ साली मराठा वसतिगृह निघाले, पुढे इतर समाजांची निघाली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. स्त्रीशिक्षणाची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती.

६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराज निवर्तले. वाद मात्र अजून मिटलेला नाही. भगिनींनो, जिला उंबरठा ओलांडू दिला नाही, तिलाच अनुभव नाही म्हणून परत पाठवायचे, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. महाराजांचे मोठेपण आपल्याला म्हणूनच लवकर उमजावे.