रुडॉल्फ डिझेल: इंजिन बनवलं, पण पंप मिळाला नाही!

मित्रांनो, डिझेल गाडी सुरू झाली की येणारा तो 'टक-टक-टक' आवाज तुम्ही लगेच ओळखता, बरोबर? पण 'डिझेल' हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याने इंजिन बनवलं, पण त्यात नेमकं इंधन सोडणारा पंप त्याच्या आयुष्यात आलाच नाही. आणि डिझेलच्या आवाजाचा मोठा संबंध त्याच पंपाशी आहे. चला, समजून घेऊया.

युद्धामुळे घर सुटलं

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांचं युद्ध पेटलं आणि कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. १२ वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग शिकताना एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली: वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक ऊर्जा वाया घालवतं.

स्पार्क प्लगशिवाय इंजिन

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल, मग त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. १० ऑगस्ट १८९३ ला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब मोजायचं उपकरणच फुटलं! रुडॉल्फ थोडक्यात वाचला. तरी तो थांबला नाही. १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावून दाखवली. तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे दुपटीहून जास्त होतं.

अडलं कुठे?

दाबलेल्या हवेत, त्याहून जास्त दाबाने, बारीक फवारा आणि तोही अचूक वेळी सोडायचा होता. असा भरवशाचा पंप तेव्हा नव्हता. म्हणून रुडॉल्फ वेगळ्या कॉम्प्रेसरच्या हवेने इंधन आत ढकलायचा. त्यामुळे इंजिन जड झालं. कारखान्यात, जहाजावर ते चाललं, पण कारमध्ये बसणं शक्यच नव्हतं.

डिझेलचा आवाज का होतो?

फवारा आत गेल्यावर पेटायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात साचलेलं इंधन एकदम पेटतं, दाब झटक्यात वाढतो आणि 'टक' असा ठोका बसतो. पंपाने इंधन फार लवकर सोडलं, तर हवा अजून पुरेशी तापलेली नसते. मग पेटायला उशीर होतो, जास्त इंधन साचतं आणि ठोका मोठा होतो. पंप झिजून दाब कमी झाला, तर फवाऱ्याऐवजी जाड थेंब पडतात, धूर येतो आणि इंजिन अडखळत चालतं.

पेट्रोल कारमध्ये प्रकार वेगळा. तिथे बहुतेक वेळा पंप टाकीतच असतो. मागच्या सीटखालून सतत 'घूंऽऽ' असा मोठा आवाज येत असेल, तर पंप किंवा तुंबलेला फिल्टर तपासून घ्या. चावी फिरवल्यावर दोन सेकंद हलकी गुणगुण येणं मात्र नॉर्मल आहे. आणि हो, सारखी रिझर्व्हवर गाडी पळवू नका, कारण टाकीतलं पेट्रोलच त्या पंपाला थंड ठेवतं.

शेवट

रुडॉल्फने पेटंटमधून भरपूर पैसा कमावला, पण कोर्टकचेऱ्या आणि फसलेल्या गुंतवणुकीत तो गेला. तब्येतही साथ देत नव्हती. २९ सप्टेंबर १९१३ ला तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर चढला. रात्री जेवून केबिनकडे गेला, सकाळी तो बोटीवर नव्हता. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला आणि त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. तो ५५ वर्षांचा होता. आत्महत्या असावी असं बहुतेक जण मानतात, पण पुरावा कधीच मिळाला नाही.

१४ वर्षांनी, १९२७ मध्ये, बॉश कंपनीने डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. आधी ट्रकमध्ये तो बसला, आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेल कार आली. १९९७ पासून कारमध्ये कॉमन रेल आलं. त्यात आधी इंधनाचा छोटा फवारा, मग मुख्य फवारा सोडता येतो, म्हणून आजच्या डिझेल गाड्या बऱ्याच शांत वाटतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गाडीचा ठोका अचानक वाढला, तर म्युझिकचा आवाज वाढवून तो झाकू नका. मेकॅनिककडे जा आणि आधी पंप आणि इंजेक्टर तपासायला सांगा.