नेथन क्लाइन: टीबीच्या गोळीत डिप्रेशनचं औषध शोधणारा डॉक्टर

1916 मध्ये फिलाडेल्फियात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांचं पहिलं मोठं यश एका भारतीय वनस्पतीचं होतं. सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी आहे, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये जगापुढे मांडलं. क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात ती रुग्णांना दिली. अनेक जण शांत झाले.

डिप्रेशनवर मात्र तेव्हा विजेच्या झटक्यांखेरीज फारसा इलाज नव्हता. इप्रोनियाझिड ही गोळी घेणारे टीबीचे रुग्ण अचानक उत्साही होतात, हे 1952 च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. क्लाइन आणि सहकाऱ्यांनी ती उदास रुग्णांना दिली. 1957 मध्ये त्यांनी सांगितलं: बऱ्याच जणांना फरक पडतो.

ही गोळी काम कशी करते? मेंदूतल्या पेशी सेरोटोनिनसारख्या रसायनांतून एकमेकींना निरोप देतात. एमएओ नावाचं एन्झाइम ही रसायनं मोडतं. गोळी या एन्झाइमला अडवते, रसायनं वाढतात. तरी गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणजे प्रश्न फक्त रसायन कमी पडण्याचा नाही.

काविळीच्या धोक्यामुळे 1961 मध्ये अमेरिकेत ती बंद झाली. 1964 मध्ये क्लाइन यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तोही दुसऱ्यांदा. श्रेयासाठी एक सहकारी कोर्टात गेला. 1983 मध्ये क्लाइन वारले.

आजच्या एसएसआरआय गोळ्या वेगळ्या वाटेने जातात: पेशीतून बाहेर पडलेलं सेरोटोनिन त्या परत आत शोषू देत नाहीत. तुम्ही किंवा घरातलं कुणी अशी गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.