तीन टोकांचा पट्टा

मुलांनो, खारदांड्याच्या कोळीवाड्यातून कार्टर रोडवर आलात की मोटारी धावताना दिसतात. एखाद्या मोटारीत पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बाळ असते. तुम्हाला वाटेल, आईच्या मिठीपेक्षा सुरक्षित जागा कोणती? पण ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार धडकून एकदम थांबली, तर 10 किलोचे बाळ त्या क्षणी 100 किलोहून जड होते. इतके ओझे कोणत्याही आईला धरवत नाही.

अशा धक्क्यात माणसाला धरून ठेवणारा पट्टा नील्स बोलीन यांनी तयार केला. त्यांचा जन्म 17 जुलै 1920 रोजी स्वीडनमध्ये झाला. तरुणपणी ते साब या विमान कंपनीत होते. संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसने ते बनवत. 1958 मध्ये व्होल्वो या मोटार कंपनीने त्यांना बोलावून घेतले.

त्या काळी काही मोटारींत फक्त कमरेचा पट्टा असे. त्याची कडी पोटावर येई आणि धक्का बसला की आतील नाजूक अवयवांना इजा होई. वैमानिक चार पट्ट्यांनी बांधून घेतो, कुरकुर करत नाही. पण बाजाराला निघालेला माणूस एवढा खटाटोप कशाला करील? बोलीन यांनी हे ओळखले. मला त्यांचे मोठेपण यातच दिसते. त्यांचा पट्टा एका हाताने लावता येतो. तो खांद्यावरून छातीवर व कमरेवर जातो, कडी बाजूला राहते आणि धक्का मजबूत हाडांवर वाटला जातो. 1959 मध्ये तो मोटारींत बसला. कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखान्यांनाही वापरू दिले.

परंतु हा पट्टा मोठ्यांच्या मापाचा! लहान मुलाच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो. शिवाय बाळाचे डोके जड, मान नाजूक. म्हणून स्वीडनचेच डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी 1960 च्या दशकात मागे तोंड करून बसायचे आसन तयार केले. पाठीवर रेललेले अंतराळवीर पाहून त्यांना ते सुचले. त्यात धक्का साऱ्या पाठीवर पसरतो. थोड्या मोठ्या मुलांसाठी पुढे उंच गादी आली. तिच्यावर बसले की पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर येतो. आपल्या देशात 2019 च्या कायद्याने मोटारीत 14 वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा असे आसन सक्तीचे झाले. रिक्षात मात्र पट्टाच नसतो, हे तुम्ही रोज पाहता.

2002 मध्ये अमेरिकेने नामवंत संशोधकांच्या यादीत बोलीन यांचे नाव घेतले. तो समारंभ 21 सप्टेंबरला झाला. त्याच दिवशी स्वीडनमध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.