डॉ. हेन्री कॅप्लन : किरणांचे माप शोधणारे वैद्य

डॉ. हेन्री कॅप्लन यांचा जन्म २४ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. वडील दंतवैद्य होते. हेन्री सोळा वर्षांचा असताना ते फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. हा घाव मुलाच्या मनात खोल गेला आणि पुढच्या आयुष्याची दिशा तेथेच ठरली. १९४० साली रश वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते क्ष-किरण विद्येकडे वळले, आणि १९४८ साली, जेमतेम तिशीचे असताना, कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्या विभागाचे प्रमुख झाले.

त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांची एक मोठी अडचण होती. किरणांचा जोर वरच्या वर, कातडीवरच खर्ची पडे. कातडी भाजून निघे आणि आत खोलवर असलेल्या गाठीपर्यंत पुरेसे किरण पोचतच नसत. त्याच विद्यापीठात एडवर्ड गिंझ्टन नावाचे भौतिकशास्त्रज्ञ अणूचे अंतरंग तपासण्यासाठी एक वेगळेच यंत्र वापरीत होते. तांब्याच्या नळीतून रेडिओलहरींच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग द्यायचा, अशी त्याची रचना. हे इलेक्ट्रॉन धातूवर आदळवले तर अतिशय भेदक क्ष-किरण निघतात. कॅप्लन यांनी गिंझ्टन यांची गाठ घेतली आणि दोघांनी मिळून साठ लाख व्होल्टचे उपचारयंत्र उभे केले. असे यंत्र लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५३ सालीच रुग्णांसाठी सुरू झाले होते. अमेरिकेत मात्र हे पहिलेच.

१९५६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात या यंत्राखाली पहिला रुग्ण आला, तो दोन वर्षांचा मुलगा. डोळ्याच्या आतल्या पडद्याला होणारा कर्करोग त्याला झाला होता. हा रोग तान्ह्या मुलांतच बहुधा आढळतो व कित्येकदा दोन्ही डोळ्यांत होतो. एका डोळ्यात रोग फार पसरल्यामुळे तो डोळा काढावा लागला होता. दुसऱ्यातही गाठ होती, पण लहान व एका जागी. तोही काढला असता तर मूल जगले असते, पण जन्मभर आंधळे. कॅप्लन यांनी त्या गाठीवर किरणांचा अरुंद झोत नेमका धरला. गाठ गेली, डोळा राहिला, आणि तो मुलगा पुढे मोठा माणूस होऊनही त्या डोळ्याने नीट पाहत होता.

येथेच थांबले असते तरी कॅप्लन यांचे नाव राहिले असते. पण त्यांचे खरे काम हॉजकिनच्या रोगावरचे. हा लसिकाग्रंथींचा कर्करोग. मानेत किंवा काखेत गाठी येतात, आणि तरुण व वाढत्या वयाची मुले त्याला पुष्कळदा बळी पडत. १८३२ साली त्याचे वर्णन करणारे डॉ. टॉमस हॉजकिन हे लंडनचे क्वेकर पंथी ख्रिस्ती गृहस्थ. योना ज्या याफो बंदरातून जहाजात बसला, त्याच याफोला प्रवासात असताना १८६६ साली त्यांचा अंत झाला व तेथेच त्यांची कबर आहे. असो.

या रोगाला औषध नाही, अशीच डॉक्टरांची समजूत होती. दुखणे हलके व्हावे म्हणून थोडेसे किरण द्यावेत, एवढेच करीत. टोरांटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी १९५० साली दाखवले होते की नेटाने किरण दिले तर काही रुग्ण बरे होतात, पण त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. कॅप्लन यांनी ऐकले. गाठ दिसते तेवढ्याच जागी नव्हे तर शेजारच्या ग्रंथींवरही, आणि सुमारे ४४०० रॅड इतकी मात्रा द्यावी, असे त्यांनी ठरवले. १९६२ साली डॉ. सॉल रोझेनबर्ग यांच्यासह त्यांनी रीतसर चाचण्या सुरू केल्या. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरे. पुष्कळांना ही पद्धत निष्ठुर वाटली. पण कोणता उपचार खरोखर चांगला, हे दुसऱ्या कशाने कळणार?

रोग हटू लागला तसा मुलांच्या बाबतीत नवा प्रश्न पुढे आला. मोठ्यांची मात्रा दिलेली मुले जगली, पण जेथे किरण पडले तेथील हाडांची वाढ खुंटली. मान बारीक, खांदे अरुंद, पाठीचा कणा आखूड. तेव्हा १९७० साली कॅप्लन व डॉ. सारा डोनाल्डसन यांनी मुलांसाठी वेगळा बेत आखला. किरणांची मात्रा वयाप्रमाणे १५०० ते २५०० रॅडपर्यंत उतरवायची, आणि उणीव चार औषधांच्या उपचाराने भरून काढायची. ज्या माणसाने मात्रा वाढवण्यासाठी सगळ्यांशी वाद घातला त्यानेच ती खाली आणण्यास संमती द्यावी, ही मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते. एरवी ते नमते घेणारे गृहस्थ नव्हते. स्वभाव कडक, बोलणे तिखट. हाताखालच्या माणसांना त्यांचा धाक असे.

किरण दुधारी आहेत हे त्यांना प्रयोगशाळेतूनच ठाऊक होते. किरण दिल्याने उंदरांना रक्ताचा व ग्रंथींचा कर्करोग कसा जडतो, यावर त्यांनी वर्षानुवर्षे संशोधन केले होते. १९६९ साली त्यांना शांततेसाठी अणू हे पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिलेच वैद्य.

४ फेब्रुवारी १९८४ रोजी कॅप्लन वारले. कारण वडिलांचेच, फुप्फुसाचा कर्करोग. आणि त्यांनी कधी धूम्रपान केले नव्हते.

मुलांवरील त्या बेताचा निकाल १९८७ साली छापून आला, तेव्हा दहांतील सुमारे नऊ मुले जिवंत होती. १९९३ साली स्टॅनफर्डच्याच डॉक्टरांनी आधीच्या वर्षांतील रुग्णांचा हिशेब मांडला. लहानपणी छातीवर जास्त किरण घेतलेल्यांत पुढे हृदयविकार, आणि मुलींत स्तनांचा कर्करोग, अधिक प्रमाणात आढळला. तेव्हापासून मात्रा व क्षेत्र आणखी कमी होत गेले आहे. आज औषधांनी गाठी लवकर विरघळल्या तर हॉजकिनच्या रोगातील अनेक मुलांना किरण देतच नाहीत. डोळ्याच्या त्या कर्करोगातही आधी औषधे, लेसर व गोठवण्याचा उपचार करून पाहतात. किरणांचा झोत बाहेरून द्यायचा तो अगदी नाइलाज झाल्यावर.