गाणं जगभर वाजलं, पण ज्याने बनवलं त्याने हक्क विकले होते १० शिलिंगला

‘द लायन किंग’ बघितलाय ना? मग टिमॉन आणि पुंबा गातात ते सिंहाचं गाणं आठवत असेलच. ही धून डिस्नीची नाही. ती आहे सॉलोमन लिंडा नावाच्या एका झुलू माणसाची.

सॉलोमनचा जन्म १९०९ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या पोमेरॉयजवळचा. लहानपणी गुरं राखली, मग पोटापाण्यासाठी जोहान्सबर्ग गाठलं. तिथे गॅलो कंपनीत रेकॉर्ड पॅक करायचं काम मिळालं. सोबत ‘इव्हनिंग बर्ड्स’ हा त्याचा ग्रुप होताच.

१९३९ मध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत या ग्रुपने ‘म्बूबे’ गायलं. म्बूबे म्हणजे सिंह. बाकीचे खालच्या सुरात तेच तेच शब्द घोळवत होते आणि सॉलोमन उंच पट्टीत मनाला येईल तसं गात होता. तिसऱ्या टेकच्या शेवटी त्याने ऐन वेळी एक छोटी तान घेतली. पुढे जगाने गुणगुणली ती हीच.

रेकॉर्ड तुफान चालली, दहा वर्षांत लाखभर प्रती खपल्या. सॉलोमनने मात्र गाण्याचे हक्क कंपनीला १० शिलिंगमध्ये देऊन टाकले होते.

पुढे ही रेकॉर्ड अमेरिकेत गायक पीट सीगर यांच्या हाती लागली. त्यांनी कानाने ऐकून शब्द उतरवले आणि झुलूतला ‘उयिम्बूबे’ झाला ‘विमोवे’! १९५२ मध्ये त्यांच्या ‘द वीव्हर्स’ ग्रुपचं ते गाणं गाजलं. श्रेय कुणाला? पॉल कॅम्पबेलला. गंमत म्हणजे असा माणूसच नव्हता, ते ग्रुपने घेतलेलं टोपणनाव होतं.

१९६१ मध्ये ‘द टोकन्स’ने नव्या इंग्रजी शब्दांसह तेच ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ म्हणून गायलं आणि थेट अमेरिकेत नंबर वन. १९८२ मध्ये ‘टाइट फिट’ने ब्रिटनमध्येही तेच करून दाखवलं.

सॉलोमन १९६२ मध्येच किडनीच्या आजाराने गेला होता, तोही कफल्लक. कबरीवर दगड बसायला १८ वर्षं लागली.

२००० मध्ये पत्रकार रियान मलान यांनी हे सगळं छापून आणलं आणि सॉलोमनच्या मुलींच्या बाजूने वकील उभे राहिले. कामी आला तो १९११ चा ब्रिटिश कायदा. लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत जातात, असं त्यात होतं. खटला डिस्नीवर गेला. २००६ मध्ये तडजोड झाली. गाण्यावर सॉलोमनचं नाव लागलं, मुलींना १९८७ पासूनची थकबाकीही मिळाली. किती, ते मात्र गुलदस्त्यातच.