शत्रूच्या लेकरांची कैवारी : एग्लंटाइन जेब

आपल्या लेकरासाठी कोणतीही आई झिजते. पण शत्रूच्या लेकरांसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाई विरळाच! कु. एग्लंटाइन जेब या त्यांपैकी एक.

त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडमधील एल्समिअर येथे सुखवस्तू घराण्यात झाला. खेडुतांना हस्तव्यवसाय शिकविण्याचे कार्य त्यांच्या मातोश्रींनी चालविले होते. त्यामुळे लोकसेवेचे बाळकडू घरातच मिळाले. ऑक्सफर्डला इतिहास शिकून त्या काही काळ शिक्षिका होत्या. पण प्रकृती साथ देईना. पुढे केंब्रिजमधील गोरगरिबांच्या स्थितीची पाहणी करून १९०६ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. आधी पाहणी, मग मदत, ही त्यांची शिस्त कायम राहिली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये महायुद्ध थांबले. पण दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी उठली नाही. जर्मनी-ऑस्ट्रियातील मुले अन्नावाचून सुकू लागली. त्यांची दशा दाखविणारी पत्रके बाईंनी लंडनच्या ट्राफल्गार चौकात वाटली. सरकारी परवानगी घेतली नव्हती, म्हणून अटक होऊन मे १९१९ मध्ये त्यांना पाच पौंड दंड झाला. नवल असे, की विरुद्ध बाजूच्या सरकारी वकिलांनीच तेवढी रक्कम त्यांच्या हाती ठेवली! त्याच महिन्यात भगिनी डोरोथी बक्स्टन यांच्यासह त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ स्थापन केला.

१९२१ साली रशियात भीषण दुष्काळ पडला. तेथील नवी राजवट इंग्लंडात अप्रिय. आधी घरची मुले पाहा, अशी टीका झाली. बाई डगमगल्या नाहीत. सारातोव्ह भागात हजारो मुलांच्या मुखी घास पडू लागला.

परंतु दयेचा झरा केव्हाही आटतो, हे त्या जाणून होत्या. नुसते अन्न वाटून भागत नाही. मदत घेणारा स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे आणि मुलांचे पोषण हा त्यांचा हक्क ठरला पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून १९२३ मध्ये त्यांनी बालहक्कांचा पाच कलमांचा जाहीरनामा सिद्ध केला. १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला.

१७ डिसेंबर १९२८ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कार्य मात्र थांबले नाही. १९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा विस्तृत जाहीरनामा काढला, १९८९ मध्ये त्याचा करार झाला आणि १९९२ मध्ये भारतानेही तो मान्य केला.

स्वतः अविवाहित राहून जगातील मुलांची आई झालेल्या या बाईंना विनम्र अभिवादन! दारी आलेल्या मुलाला घास देताना ते कोणाचे, हे न विचारणे, हीच त्यांची खरी आठवण होय.